या मालिकेतला त्या मालिकेत: मुलांच्या टीव्हीवरचे पाहुणे

वेलदोडा

मोठ्यांच्या मालिकांत महासंगम असला की आमच्या घरी संध्याकाळी रिमोट मिळत नाही. दोन मालिकांतली दोन खानदानं एकाच लग्नाला जमतात, एकीची खलनायिका दुसरीच्या सुनेकडे बघून डोळे वटारते आणि सोमवारपासून सगळे आपापल्या सेटवर परत. एकीचे प्रेक्षक दुसरीला उसने द्यायचे, एवढाच कार्यक्रम. त्यासाठी धागा काढायची गरज नाही.

मुलांच्या मालिकांतले पाहुणे मात्र मला वेगळे वाटतात. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात प्रत्येक मालिकेचं एक गाव असतं. त्या गावात कोण बोलतं, कोण उडतं, मोठी माणसं रागावतात की नाही, सगळं त्याला पाठ. दुसऱ्या गावचं कोणी तिथे आलं की मूल आधी टाळ्या वाजवतं आणि लगेच चौकशी सुरू करतं. हा इथे कसा आला? याला यांची नावं कशी ठाऊक? आता हा इथेच राहणार का? बनवणाऱ्यांनी ही उत्तरं आधी शोधून ठेवलेली असली की भाग जमतो. नसली की नुसती गर्दी.

जमलेल्याचं माझं लाडकं उदाहरण १९८१ सालचं आहे. अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर तेव्हा मुलांच्या दोन मोठ्या मालिका चालत. न्यूयॉर्कची ‘सेसमी स्ट्रीट’ (१९६९ पासून) म्हणजे शहरातली गल्ली, गलका, झटपट तुकडे, अक्षरं-आकडे आणि माणसांच्या बरोबरीने वावरणारे मपेट, म्हणजे जिम हेन्सनच्या बाहुल्या. पिट्सबर्गची ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ (देशभर १९६८ पासून) याच्या अगदी उलट. फ्रेड रॉजर्स घरी येणार, कोट काढून स्वेटर चढवणार, बूट बदलणार, सावकाश बोलणार. बाहुल्या त्यांच्याकडेही होत्या, पण त्या या घरात येत नसत. एक छोटी ट्रॉली रुळांवरून बोगद्यात शिरायची आणि पलीकडे कल्पनेचं राज्य लागायचं. राजा फ्रायडे, घुबड, मांजर, सगळे तिकडे. खरं ते इकडे आणि खोटं-खोटं ते तिकडे. ही सीमा रॉजर्सनी वर्षानुवर्षं सांभाळली.

या घरी बिग बर्डला बोलवायचं ठरलं. आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी, आत कॅरॉल स्पिनी, एक हात सतत डोक्यावर धरून चोच हलवणारे. रॉजर्सचं म्हणणं असं, की स्पिनींनी पोशाख उतरवावा आणि आत माणूस कसा असतो ते मुलांना दाखवावं. स्पिनींनी साफ नकार दिला. बिग बर्ड मुलांसाठी बिग बर्डच आहे, त्याचं सोंग मुलांसमोर उतरवायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. दोघंही मुलांच्या भल्याचंच बोलत होते आणि दोघांचं पटत नव्हतं! शेवटी तोडगा निघाला: बिग बर्ड येईल, पण फक्त ट्रॉलीच्या पलीकडे. घरात पाऊल टाकणार नाही.

आणि तिकडेही तो नुसता हात हलवून परत आला नाही. तो आठवडा चढाओढ या विषयाचा होता. तिथल्या घुबडाला हा भलाथोरला पक्षी फार आवडला, तशी त्याची शेजारीण हेन्रिएटा मांजर धास्तावली, की आता आपल्याला कोण विचारणार. घरात नवं बाळ आलेल्या कुठल्याही थोरल्याला विचारा, हे काय असतं ते. त्याच वर्षी रॉजर्स सेसमी स्ट्रीटवर गेले, तिथे बिग बर्ड आणि त्याचा मित्र स्नफी यांच्यात पळण्याची शर्यत होती. हरलं म्हणून मैत्री बिघडत नाही, हे रॉजर्सनी त्या गोंगाटातही त्यांच्याच संथ आवाजात सांगितलं.

तर पाहुण्याने यजमानाचे नियम पाळायचे आणि तरी स्वतः बदलायचं नाही, ही माझी कसोटी. तुम्हाला आठवतात असे पाहुणे? चांगले, वाईट, ओढूनताणून आणलेले, सगळे चालतील.

खारी_बिस्कीट

मस्त धागा! स्कूबी-डूपासून सुरुवात करू या. १९७२ च्या ‘द न्यू स्कूबी-डू मूव्हीज’मध्ये दर भागाला पाहुणा. बॅटमॅन-रॉबिन आले, समोर जोकर आणि पेंग्विन. ॲडम्स फॅमिली आली. लॉरेल-हार्डी आले, तेही दोघं स्वर्गवासी झाल्यावर. कार्टून नेटवर्कवर हे बघताना आम्हाला त्यातलं निम्मं पब्लिक कोण ते कळायचं नाही. सॉनी अँड शेर हे गायक जोडपं म्हणजे कोणीतरी शेजारी असतील असं मी धरून चालले होते.

वेलदोडा

@खारी_बिस्कीट, हो! आणि तरी भाग बघवायचे, कारण भूत तेच, पळापळ तीच आणि शेवटी मुखवटा ओढायचा तोही तसाच. पाहुणा कोणीही असो, त्याला स्कूबीच्या दोस्ताच्या, शॅगीच्या, मागे पळावंच लागायचं. बॅटमॅनसुद्धा सुटला नाही.

ओहायोकर

वेलदोडाताई, लेख आवडला. आमची लेक इकडे ‘डॅनियल टायगर्स नेबरहुड’वर वाढली. रॉजर्सच्या त्या कल्पनेच्या राज्यातल्या वाघाचीच ही पुढची पिढी, २०१२ पासून. तिच्यामुळे मी जुने रॉजर्स बघायला लागलो.

दोन भर घालतो. पहिली, १९८० साली सेसमी स्ट्रीटवर स्टार वॉर्समधले आर-टू-डी-टू आणि सी-थ्री-पी-ओ आले होते. अख्खी आकाशगंगा फिरून आलेला यंत्रमानव न्यूयॉर्कच्या फुटपाथवर उतरतो आणि काय करतो? आगीचे बंब ज्याला नळी जोडतात त्या रस्त्यावरच्या नळाच्या, फायर हायड्रंटच्या, प्रेमात पडतो. नीट बघाल तर बिचाऱ्याचं चुकलं काय? उंची जवळपास तीच, डोकं तसंच गोल, बोलत दोघंही नाहीत. त्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यात माणूसघाणा ऑस्कर राहतो, तिथे नळावर जीव जडणं अगदीच स्थानिक रीतीला धरून झालं.

दुसरी, कर्मिट बेडूक. याला पाहुणा म्हणावं की घरचा, हेच कळत नाही. तो सेसमी स्ट्रीटपेक्षा जुना, १९५५ पासूनचा. ‘द मपेट शो’ (१९७६-८१) मध्ये थिएटरचा मॅनेजर, सगळ्यांच्या नावाने डोकं धरणारा. आणि इकडे सेसमी स्ट्रीटवर रेनकोट-हॅट घालून बातमीदार. परीकथेतल्या पात्रांच्या मुलाखती घ्यायला जायचा आणि दर वेळी तिथे काहीतरी उलटंच घडत असायचं. एकच बेडूक, दोन नोकऱ्या, आणि एकाही मुलाने कधी विचारलं नसेल की तू इथे कसा.

कंटाळेश्वर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. पाहुणा म्हणजे जाहिरात. मालकी हक्क ज्याच्याकडे, तो ठरवणार कोण कोणाकडे जाणार. डिस्नेने मार्व्हल २००९ मध्ये विकत घेतली आणि २०१३ मध्ये ‘फिनियस अँड फर्ब’च्या अंगणात आयर्न मॅन, थॉर, हल्क हजर. लुकासफिल्म घेतली २०१२ मध्ये, २०१४ मध्ये त्याच पोरांचं स्टार वॉर्स. सेसमी स्ट्रीटकडे यंत्रमानव आले होते ते आमंत्रणावरून, हे आले ते खरेदीखतावरून.

हल्लीच्या यूट्यूबवाल्यांचं तर विचारूच नका. कोकोमेलन आणि ब्लिपी २०२० पासून मूनबग या एकाच कंपनीच्या दावणीला. तेव्हा हा तिकडे दिसला की ‘अय्या, हा इथे!’ वगैरे म्हणू नका.

काजूकतली

@कंटाळेश्वर, आमच्या अडीच वर्षांच्या बाईसाहेब ‘अय्या’च म्हणतात. त्यांना खरेदीखत वाचता येत नाही अजून. :)

पर्मनपंखा

हंगामा चॅनलवर शाळेतून आल्याआल्या पर्मन, डोरेमॉन, निंजा हातोडी ओळीने बघणाऱ्या पिढीतला मी. मला वाटतं या धाग्यावर सुमिरेची गोष्ट यायलाच हवी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पर्मनमध्ये मित्सुओ नावाचा साधा, अभ्यासात ढ मुलगा मुखवटा आणि केप घालून पर्मन नंबर एक होतो. दोन नंबर बूबी नावाचा चिंपांझी, तीन नंबर पाको, चार नंबर पायान. पाकोचा खरा चेहरा कोणी बघितलेला नसतो. ती असते सुमिरे होशिनो, देशभर गाजलेली बालकलाकार, जिच्यावर मित्सुओ स्वतः लट्टू आहे. समोर पाको आली की तो तिच्याशी भांडणार आणि घरी सुमिरेचे फोटो जमवणार. मूळ मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, शेवटी मित्सुओ पुढच्या शिक्षणासाठी त्याला पर्मन करणाऱ्या बर्डमॅनच्या ग्रहावर जायला निघतो, आणि निघण्यापूर्वी पाको त्याला आपला खरा चेहरा दाखवते. तो जातो. इथे पर्मन संपतो.

आता डोरेमॉन. त्यातही सुमिरे होशिनो आहे. पण लहान नाही, मोठी झालेली, नावाजलेली नटी. नोबिता आणि मंडळी तिचे चाहते. डोरेमॉनच्या मांगातल्या एका गोष्टीत तिच्या लग्नाच्या अफवा उठतात, कोणाबरोबर नाव जोडलं जातं, पोरं डोरेमॉनच्या यंत्राने खरंखोटं बघायला जातात. तिच्या गळ्यात लॉकेट असतं, आणि त्यात फोटो कोणाचा? एका साध्या, बावळट दिसणाऱ्या मुलाचा. तो फार लांब गेलाय, पण परत येणार आहे, असं तिचं म्हणणं.

बस, एवढंच. मित्सुओचं नाव घेत नाहीत. पर्मन हा शब्दही नाही. ज्याने पर्मन वाचलेला नाही त्याला ती एका नटीची जुनी प्रेमकहाणी वाटते आणि गोष्ट पुढे जाते. ज्याने वाचलाय त्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण मधली सगळी वर्षं ती वाट बघतेय हे त्याला एका चित्रात कळतं. लेखक एकच, फुजिको एफ. फुजिओ. म्हणजे हक्कांचा प्रश्नच नव्हता, कंटाळेश्वर म्हणतात तसली जाहिरातही नव्हती. पर्मन साठच्या दशकात सुरू झालेला, डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस आला. मधे गेलेला काळ लेखकाने तिच्या वयात घातला. मुलांच्या कार्टूनमध्ये पात्रांची वयं वाढत नाहीत ना? इथे एका मालिकेतलं पात्र दुसऱ्या मालिकेत जाऊन मोठं झालं.

गवतीचहा

पर्मनपंखा, मी लहानपणी हे सगळं हिंदीत बघितलंय आणि पाको हीच ती, हे आज तुमच्याकडून कळतंय. सकाळी सकाळी ऑफिसात काय वाचायला दिलंत!

हातोडीचं काय? तो नाही का येत डोरेमॉनमध्ये? तिघं एकाच घरचे वाटायचे.

पर्मनपंखा

@गवतीचहा, फुजिको फुजिओ म्हणजे मुळात दोन माणसं, फुजिमोतो आणि आबिको. एकाच टोपणनावाने लिहायचे. डोरेमॉन फुजिमोतोंचा, हातोडी आबिकोंचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दोघं वेगळे झाले, भांडण वगैरे न होता, आणि तेव्हापासून एक फुजिको ‘एफ.’ आणि दुसरे फुजिको ‘ए’. पर्मन मात्र मुळात दोघांच्या एकत्र काळातला. म्हणून १९८४ आणि १९८५ मध्ये हातोडी आणि पर्मन एकत्र असलेले दोन सिनेमे निघाले. दोन्ही मालिका तेव्हा टीव्हीवर सुरूच होत्या. हातोडी जमिनीवरचा आणि पर्मन हवेतला, म्हणून कामाची वाटणी आपोआप होते. एक ‘निन निन’ करत भिंतीवर चढतो, दुसरा वरून येतो.

मु_पो_सातारा

जपान-अमेरिका झालं असेल तर छोटा भीमच्या ढोलकपूरला या. छोटा भीम २००८ साली पोगोवर आला, हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचा. त्याच्या आधी याच स्टुडिओने कृष्णावर ॲनिमेशनपट केले होते. मग काय, कृष्ण भीमाकडे आला, आणि असा आला की पुन्हा पुन्हा येत राहिला. आमच्या पोरांना ‘छोटा भीम और कृष्णा’वाले सिनेमे तोंडपाठ.

मला यात एक अडचण वाटते. भीमाची सगळी मजा अशी, की पोरगं संकटात सापडतं, टुनटुन मावशीचा लाडू तोंडात टाकतं आणि मग दणादण. कालिया जळतो, ढोलू-भोलू फिदीफिदी हसतात. हे गाव छोटं आहे, त्याचे प्रश्न छोटे आहेत. तिथे साक्षात श्रीकृष्ण पाहुणा आला तर लाडवाची किंमत काय राहिली? देव शेजारी उभा असताना किरमाडाला घाबरायचं कोणी? म्हणून त्या सिनेमांत खलनायक फुगवत न्यावे लागतात आणि ढोलकपूर मागे पडतं. मला चुटकीच्या घरून लाडू चोरणारा भीम जास्त आवडतो.

पोरांना विचारलं तर ती म्हणतात, बाबा तुम्हाला काही कळत नाही, कृष्ण भीमाचा दोस्त आहे. विषय संपला.

आजी_ऑनलाइन

मु. पो. सातारा, तुमच्या पोरांचं बरोबर आहे हो. आपल्याकडे देव दुसऱ्याच्या गोष्टीत जातो तो नेहमी हलकी कामं करायला जातो. एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीने पाणी भरलं, जनाबाईला जात्यावर हात लावला. आपण देव आहोत हे तिथे सांगत बसला नाही. सांगितलं असतं तर नाथांनी पाणी भरू दिलं असतं का? गोष्ट तिथेच थांबली असती.

तेव्हा अडचण कृष्ण आल्याची नाही. तो मुकुट-मोरपीस घालून येतो आणि सगळे ओळखतात, ही आहे. त्याला ढोलकपुरात साधा गुराखी म्हणून चार दिवस राहू द्या, भीमाबरोबर गुरं वळू द्या, कालियाशी कबड्डीत हरू द्या. नातवंडं तासभर जागची हलणार नाहीत. वेलदोडा म्हणते ते यजमानाचे नियम पाळणं हेच.

वेलदोडा

आजी, __/\__ श्रीखंड्याचं मला सुचलंच नव्हतं. हे कोणीतरी ढोलकपूरला कळवा.

चष्मिश

मी पुण्यात एका ॲनिमेशन स्टुडिओत आहे, म्हणून जरा पडद्यामागचं. पाहुणा लिहायला सोपा, काढायला महाकटकट. प्रत्येक मालिकेचं मॉडेल शीट वेगळं असतं: डोकं धडाच्या किती पट, डोळ्यात बुबुळ आहे की नुसता ठिपका, बाह्यरेषा किती जाड, सावली द्यायची की सपाट रंग. दोन मालिकांतली पात्रं शेजारी उभी केली की पहिला प्रश्न उंचीचा. एका मालिकेत दहा वर्षांचा पोरगा तीन डोकी उंच असतो, दुसरीत पाच. आपापल्या घरी दोघंही दहाचेच दिसतात, एकत्र उभे केले की काका-पुतणे. मग साइज चार्ट नव्याने करा, रिग (पात्र हलवायचा संगणकातला सांगाडा) नव्याने बांधा, आणि हे सगळं एका भागासाठी. खर्च ऐकून निर्माता म्हणतो, पाहुण्याला फोनवर बोलू द्या.

म्हणूनच निकलोडियन या मुलांच्या वाहिनीचा २००४ चा ‘जिमी टिमी पॉवर अवर’ मला आजही आवडतो. जिमी न्यूट्रॉन थ्रीडी संगणकावरचा, टिमी टर्नर हाताने काढल्यासारखा सपाट टूडी. दोघांची अदलाबदल होते. टिमी जिमीच्या गावात गेला की तो गोल गरगरीत थ्रीडी होतो, जिमी टिमीकडे आला की चपटा. म्हणजे दोन्ही पात्रं दोन्ही पद्धतीत नव्याने बनवली. गोष्टीतही त्याची दखल घेतात, आपलं अंग असं कसं झालं म्हणून टिमी स्वतःकडे बघत राहतो. टिमीकडे इच्छा पुऱ्या करणाऱ्या पऱ्या असतात, पण जिमीला परी वगैरे काही मान्य नाही, तो विज्ञानवाला. त्याला वाटतं ही सगळी होलोग्राम आहेत. नियम पाळण्याबद्दल बोलताय ना? इथे पाहुण्याच्या हाडामांसाने नियम पाळले, मेंदूने नाही.

याच्या तुलनेत ‘बेन १० / जनरेटर रेक्स: हीरोज युनायटेड’ (२०११) सोपं काम. दोन्ही मालिका मॅन ऑफ ॲक्शन या एकाच चमूच्या, चित्रशैली एकमेकींच्या जवळ. मारामारी झकास, पण दोघं भेटले म्हणून कोणाचं काही बदललं नाही.

खारी_बिस्कीट

चष्मिश, तो काका-पुतण्याचा किस्सा वाचून हसून हसून गळले. आता कुठलंही क्रॉसओव्हर बघताना मी डोकीच मोजणार.

कंटाळेश्वर

ओढूनताणून आणलेल्यांची यादी मागितली होती ना, घ्या. ‘कार्टून ऑल-स्टार्स टू द रेस्क्यू’, २१ एप्रिल १९९०, शनिवार सकाळ. अमेरिकेतल्या एबीसी, सीबीएस, एनबीसी या एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या वाहिन्यांनी एकाच वेळी दाखवलेला अर्धा तास. विषय अमली पदार्थ. पैसा मॅकडोनाल्ड्सच्या धर्मादाय संस्थेचा, प्रस्तावनेला राष्ट्राध्यक्ष बुश पत्नीसह हजर.

गोष्ट अशी: मायकेल नावाचा पोरगा नशेसाठी धाकट्या बहिणीची पैशांची पिगी बँक ढापतो. तिच्या खोलीतल्या वस्तू जाग्या होतात. कॉमिकमधून स्मर्फ बाहेर पडतात, दिव्यातून गारफिल्ड, तसबिरीतून आल्फ, रेकॉर्डच्या कव्हरवरून ॲल्विन आणि चिपमंक्स, घड्याळातून बाळ कर्मिट. विनी द पूह तिचं खेळणंच असतं. पुढे बग्ज बनी, डॅफी, डोनाल्डचे पुतणे, निंजा टर्टल मायकेलअँजेलो. नशेचा मूर्तिमंत धूर खलनायक. सगळे मिळून त्या पोराला आळीपाळीने उपदेश पाजतात.

आता सांगा, गांजाचा वास चिपमंकने ओळखायचा? कुठल्याच गावचा कुठलाच नियम नाही, कारण यजमानच नाही. सगळेच पाहुणे.

ओहायोकर

@कंटाळेश्वर, उपदेशाचं मान्य. पण वॉर्नरचा ससा आणि डिस्नेचं अस्वल एका पडद्यावर, आणि तीन प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी एकाच वेळी तेच दाखवायचं, हे पुन्हा कोणाला जमवता येईल का? आणि सुरुवातीची ती पाच मिनिटं, खोलीतली एकेक वस्तू जागी होते ती, मला अजूनही आवडतात. प्रत्येकाला त्या मुलीच्या खोलीत असायचं साधं कारण दिलंय. तिच्याकडे ते पुस्तक आहे, तो दिवा आहे, ती रेकॉर्ड आहे. मुलांच्या खोलीत सगळ्या कंपन्या एकत्रच नांदत असतात की.

हक्कांचा विषय काढलाच आहे तर ‘अ मपेट फॅमिली ख्रिसमस’ बघा, डिसेंबर १९८७. मपेट शोमधलं फॉझी अस्वल मित्रांना घेऊन आईच्या शेतघरावर थडकतं, आई बिचारी सुट्टीला निघालेली. मग बर्फ पडतं, मिस पिगी वादळात अडकते, आणि दारात सेसमी स्ट्रीटची सगळी टोळी गाणी म्हणत उभी. घरात झोपायला जागा नाही, अंथरुणं पुरत नाहीत. तळघरात एका भोकातून कर्मिट आणि त्याचा पुतण्या रॉबिन ‘फ्रॅगल रॉक’च्या जगात जाऊन पोचतात. तिन्ही मालिका जिम हेन्सनच्या बाहुल्यांच्या, म्हणून एका छताखाली. शेवटी स्वयंपाकघरात खुद्द हेन्सन दिसतात. बाहेर सगळे गात असतात आणि हे आत भांडी घासायला लागतात.

आज हीच तीन घराणी तीन मालकांकडे आहेत. सेसमी स्ट्रीटची पात्रं सेसमी वर्कशॉपकडे, मपेट २००४ पासून डिस्नेकडे, फ्रॅगल हेन्सन कंपनीकडे. गाण्यांच्या हक्कांमुळे व्हिडिओवर आला तेव्हाही काटछाट होऊनच आला. कर्मिटची बातमीदारी सुटली. मधे २०१९ मध्ये सेसमी स्ट्रीटच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात तो येऊन गाऊन गेला, पण पाहुणा म्हणून. ज्या गल्लीत तो पहिल्या वर्षापासून होता तिथे.

गवतीचहा

ओहायोकर, हे वाचून वाईट वाटलं. वडिलोपार्जित घराची वाटणी झाली की चुलतभाऊ फक्त कार्याला भेटतात, तसं झालं हे.

सुपारी

मी वाढदिवसांची सजावट करते, नाशिकला. तुम्ही सगळे हक्क-बिक्क बोलताय, आमच्याकडे रोज महासंगम असतो. भाड्याच्या पोशाखात छोटा भीम, मिकी, डोरेमॉन आणि मोटू, एकाच हॉलमध्ये, एकाच डीजेवर, झिंगाटवर. पोरं कधी म्हणत नाहीत की डोरेमॉन ढोलकपूरचा नाही. पण! डोरेमॉनच्या पोटावरची पिशवी फाटलेली असली आणि पिन लावून चालवली, की लगेच पाच जण येऊन विचारतात, गॅजेट कुठून काढणार? मागच्या महिन्यात मोटूच्या हातात कोणीतरी बर्गर दिला तर एका पोरीने त्याला समोसा आणून दिला आणि तो संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

मु_पो_सातारा

@सुपारी, त्या पोरीला कुठल्याही चॅनलने ताबडतोब नोकरीवर घ्यावं.

काजूकतली

‘गल्ली गल्ली सिम सिम’ कोणालाच आठवत नाही का? २००६ च्या १५ ऑगस्टला सुरू झालं. चमकी, गुगली, आंछू, आणि तो भांगडा करणारा सिंह बूम्बा. मधेच एल्मो नाहीतर अर्नी-बर्ट हिंदीत बोलत यायचे. ते मूळ अमेरिकन सेसमी स्ट्रीटचे तुकडे, डब केलेले. माझा धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा. त्याचा ठाम समज असा की अर्नी-बर्ट चमकीच्या गल्लीत मागच्या बाजूला भाड्याने राहतात, म्हणून पुढच्या बाजूला येत नाहीत. किती व्यवस्थित उत्तर शोधलं होतं त्याने.

वेलदोडा

@काजूकतली, भावाला माझ्याकडून शाबासकी. भाड्याने राहतात!

@कंटाळेश्वर, यजमानच नाही, सगळेच पाहुणे, हा मुद्दा मला पटला. मी माझ्या कसोटीत जोडून घेते. पण जाहिरात असली म्हणजे भाग वाईटच, हे नाही पटत. बीबीसीच्या ‘चिल्ड्रन इन नीड’साठी विनोदवीर पीटर के यांनी २००९ मध्ये बॉब द बिल्डर, पोस्टमन पॅट, फायरमन सॅम, थंडरबर्ड्स असे सगळे एका स्टुडिओत गाण्याच्या रेकॉर्डिंगला आणले होते. तेही निधी गोळा करायलाच. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. तिथे त्यांनी घराचा प्रश्न छान सोडवला होता. कोणीच कोणाच्या गावी जात नाही. सगळे कामावरून सुटून रेकॉर्डिंगला आल्यासारखे येतात, हेडफोन लावतात, आपली ओळ म्हणतात.

कंटाळेश्वर

ते बघितलंय. ते चांगलं आहे. यापलीकडे माझ्याकडून काही वदवून घेऊ नका.

गवतीचहा

एक शंका. मराठीत असं काही झालंय का? दूरदर्शनवर ‘किलबिल’ असायचं, ‘गोट्या’ मालिका होती. गोट्या एखाद्या रविवारी किलबिलमध्ये येऊन बसला असता तर मी दप्तर भरायचं सोडून बघत बसले असते.

मु_पो_सातारा

@गवतीचहा, पाहुणा यायला एका वेळी निदान दोन घरं चालू लागतात. आपल्याकडे मुलांची एक मालिका संपून दुसरी यायची, तीही मधे बराच काळ गेल्यावर. सध्या तर पोरं मोटू-पतलू आणि डोरेमॉनमध्येच आहेत. मोठ्यांच्या रिॲलिटी शोमध्ये मुलं नाचवायची सोय आहे फक्त.

आजी_ऑनलाइन

अरे, मग लिहा ना कोणीतरी. चष्मिश पुण्यातच आहे, सुपारीकडे पोशाख आहेत. कालियाशी कबड्डीचा प्रसंग मी देते लिहून.

चष्मिश

आजी, लिहा. उंचीचा चार्ट मी करतो. कृष्ण किती डोकी धरायचा, तेवढं आधी सांगा.